निषेधासाठी पाहिलेला ड्रॅगन

माझ्या आयुष्यातला पहिला ड्रॅगन मी त्याचा निषेध करण्यासाठी पाहिला. वही-पेन घेऊन, जबाबदारीने, आक्षेप टिपायला गेले होते. त्या वहीतलं आज काहीही वाचता येत नाही. अंधारात ओळीवर ओळ चढलीय. फक्त एक शब्द लागतो, "शेपूट", आणि त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं.

आमचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एक खोली आमची आणि एक पत्रकांची. आई शाळेत शिकवायची, बाबा विम्याच्या कचेरीत होते, आणि उरलेल्या वेळात दोघंही एका सात जणांच्या मंडळाचे होते. बुवाबाजी, हुंडा, जात अशा गोष्टींविरुद्ध हे मंडळ चार पानी पत्रकं काढायचं आणि चौकात उभं राहून वाटायचं. इतर मुलं 'कमळातला क' शिकली, मी 'कृपया वाचा आणि विचार करा'मधला क शिकले. पाच वर्षांची असताना मी डोळे मिटून पत्रकाची घडी घालायचे. आमच्याकडे परीकथा नव्हत्या. त्यांना बंदी नव्हती, जागा नव्हती. कपाटभर हुंडाबंदी होती.

मी नववीत गेले तेव्हा पुणं घाईघाईने बदलत होतं. प्रत्येक तिसऱ्या भिंतीवर कॉम्प्युटर क्लासची जाहिरात होती, हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसेस धावू लागल्या होत्या, आणि परदेशातले जादूचे चित्रपट हिंदी आवाज लावून आमच्या थिएटरांत येत होते. त्यातलाच हा ड्रॅगनचा. त्याच्यासोबत एका शीतपेयाच्या बाटलीवर प्लास्टिकचा ड्रॅगन फुकट होता. माझ्या वर्गातल्या मुलींनी पोट दुखेपर्यंत ते शीतपेय प्यायलं. मंडळाच्या रविवारच्या बैठकीत एकमताने ठरलं : निषेध.

मंडळाचा एक नियम मात्र होता, आईच्या अक्षरात भिंतीवर चिकटवलेला : न पाहता निषेध नाही. हा नियम अनुभवातून आला होता. मी फार लहान असताना मंडळाने एका नाटकाविरुद्ध नाट्यगृहाबाहेर दोन तास घोषणा दिल्या होत्या, का तर नाटकाच्या नावात 'देवी' होती. मध्यंतरात नाटकाचा लेखक स्वतः बाहेर आला. त्याने सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, नाटक अंगात येण्याच्या ढोंगावरच आहे, आणि त्यातले दोन संवाद मी तुमच्याच पत्रकातून उचललेत. दुसऱ्या दिवशी नियम भिंतीवर.

"या वेळचं पत्रक हिला लिहू दे," बाबा म्हणाले.

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झेपेल?"

"झेपेल!" मी म्हटलं. ओरडले म्हणायला हरकत नाही.

आमच्या पत्रकाच्या शेवटी 'लेखन' असं लिहून पुढे नाव छापलं जायचं. दुसऱ्यांच्या नावांच्या किती घड्या मी घातल्या असतील, मोजदाद नाही. त्या जागी माझं नाव यावं, यापलीकडे मला तेव्हा जगात काही नको होतं. नवा फ्रॉक नको होता, मोक्ष तर आमच्या घरी कोणालाच नको होता.

शनिवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. मी, बाबा आणि मंडळाचे सर. सर पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांना कोणी "कसे आहात?" विचारलं तर "कोणत्या संदर्भात?" असं विचारायचे. बाबांच्या पिशवीत घरून आणलेले शेंगदाणे होते, कारण थिएटरातलं काही विकत घेणं तत्त्वात बसत नव्हतं.

चित्रपट असा : एका देशातल्या राणीने सगळा वारा मोठमोठ्या मडक्यांत कोंडून तळघरात ठेवलाय. झेंडे लोंबतायत, पवनचक्क्या थांबल्यात, कोणाच्या केसाची बट हलत नाही. ती मडकी घडवली एका कुंभारणीने, राणीला तूप साठवायचं असेल असं समजून. त्या कुंभारणीची मुलगी नायिका. आणि डोंगरात एक ड्रॅगन, वारा नाही म्हणून दहा वर्षं न उडालेला, सुटलेल्या पोटाचा, मिशाळ, कायम सर्दी झालेला. त्याला हिंदी आवाज दिला होता तो थेट मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा. "ए छोकरी, पीठ पे बैठ. और मूँछ को हाथ मत लगा!"

मी तिथेच संपले.

सर मात्र वहीत गणित करत होते. "हा उडणार नाही," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"सर, तो ड्रॅगन आहे."

"असेल. वजन चार हत्ती, पंख दीड बस. कोंबडीसुद्धा नाही म्हणेल."

मध्यंतरात सरांनी शेंगदाणे खात बाबांनाही ते गणित समजावलं. बाबा मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं, पडद्यावर साबणाची जाहिरात चालू असूनही.

मग ते दृश्य आलं. मुलगी तळघरात शिरते. मडकी घडवायची आईची लाकडी थापी तिच्या हातात. पहिलं मडकं फोडते, आणि काय होतं? काही नाही. फक्त तिची वेणी हलते. जरा. एवढीशी. सगळं थिएटर "आऽऽ" म्हणालं. मग दुसरं, तिसरं, मग फटाफट शंभर. झेंडे उठले, झाडं उठली, एका म्हाताऱ्याची टोपी उडाली आणि तो टोपीमागे न जाता नाचायला लागला. सगळ्यात शेवटी डोंगरात ड्रॅगनची मिशी हलली. तो पळत कड्यावरून सुटला आणि पडला. पडला, पडला, पडतच राहिला. माझं पोट खुर्चीत राहिलं आणि मी त्याच्याबरोबर खाली गेले.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "अरे, वारा खालून घे! खालून!"

सर उभे होते.

ड्रॅगनने ऐकलं. पंख वळवले, वारा खालून घेतला आणि तो वर आला. वर म्हणजे किती वर! शिट्ट्या, टाळ्या, मागच्या रांगेत कोणीतरी रडत होतं. सर हळूच खाली बसले. "हं," ते म्हणाले, "आता शक्य आहे." बाबा टाळ्या वाजवत होते. मी पाहिलं तसं त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

परत येताना सर म्हणाले, "बाटलीवरची खेळणी मात्र निषेधार्ह."

"अर्थात," बाबा म्हणाले.

इथे जरा थांबते, कारण त्यानंतर मी असे चित्रपट खूप पाहिले आणि लोक मला नेहमी विचारतात, तू एवढी विवेकवादी, तुला ही जादूटोण्याची थेरं कशी आवडतात? अहो, म्हणूनच आवडतात! बुवा तुम्हाला सांगतो की हे खरं आहे, दक्षिणा ठेवा. चित्रपट सांगतो की हे खोटं आहे, दोन तास बसा. दोघांत फसवणारा कोण ते तुम्हीच ठरवा. आणि चांगल्या अद्भुत चित्रपटाइतका नियम पाळणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही. तो सुरुवातीला एकच अशक्य गोष्ट मागून घेतो. वारा मडक्यात राहतो, ठीक? ठीक. मग पुढे तो काटेकोर वागतो. वारा सुटल्याशिवाय ड्रॅगन उडणार नाही म्हणजे नाही, नायिका खाली पडून मरायला टेकली तरी नाही. आमच्या कितीतरी नगरसेवकांना हे जमलेलं नाही.

मला एक चित्रपट आवडतो त्यात एक दीपगृह कंटाळून चालायला लागतं. ते चालतं तेव्हा दर पावलाला जिन्यावरचा राखणदार एक पायरी घसरतो, आणि हे दिग्दर्शक शेवटपर्यंत विसरत नाही. राखणदाराचं प्रेम जमतं तेही घसरता घसरता. दुसऱ्या एकात सगळी भांडी बोलतात, पण गरम असतानाच. म्हणून एक किटली आपलं गुपित निवायच्या आत सांगून टाकायची धडपड करते, आणि मी एका किटलीसाठी श्वास रोखून बसते. मी! जिने वयाच्या बाराव्या वर्षी ज्योतिष्याला पाच प्रश्न विचारून घाम फोडला होता!

आणि शेवटी "हे सगळं स्वप्न होतं" म्हणणारे चित्रपट? त्यांच्याविरुद्ध मी आजही चौकात उभी राहायला तयार आहे. हा विश्वासघात आहे. तसंच ते, ज्यांत गुराखी शेवटी राजपुत्र निघतो, कारण म्हणे रक्तातच होतं. रक्तात काही नसतं, आमच्या कपाटात त्यावर तीन पत्रकं होती. माझ्या ड्रॅगनने कुंभाराची पोर पाठीवर घेतली आणि ती शेवटपर्यंत कुंभाराचीच पोर राहिली. राणीचं सिंहासन तिने मागितलं नाही, भट्टी मागितली. यासाठी त्या दिग्दर्शकाला माझा लाल सलाम.

तर, पत्रक.

लिहिण्याची मंडळाची एक पद्धत होती : आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडायची, मग ती खोडायची. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. मी लिहायला बसले आणि पूर्वपक्षाने मला उचलून नेलं. वारा, मडकी, वेणी, मिशी. कड्यावरून उडी. मी लिहिताना हसत होते, एकदा उठून पंख कसे वळवले ते करून पाहिलं आणि घड्या घातलेला गठ्ठा पाडला. शुद्धीवर आले तेव्हा चारपैकी साडेतीन पानं झाली होती, आणि शेवट सांगून मजा घालवू नये म्हणून ड्रॅगन मी कड्यावरून पडता पडता सोडला होता.

उरलं अर्धं पान उत्तरपक्षाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळण्यांवर दोन ओळी झाल्या, त्या मनापासून होत्या. पण अर्धं पान भरायचं होतं आणि त्याच्याखाली माझं नाव यायचं होतं. म्हणून मी कपाटातून ग्रहांच्या खड्यांच्या अंगठ्यांविरुद्धचं जुनं पत्रक काढलं, त्यातला शेवट उतरवला आणि 'अंगठी' होती तिथे 'ड्रॅगन' घातलं. "यामुळे मुलांची विवेकबुद्धी मंदावते" वगैरे. मला ते पटलं होतं का? एक अक्षर पटलं नव्हतं.

बाबांनी वाचायला घेतलं. ड्रॅगन कड्यावरून सुटला तिथे ते खुदकन हसले, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "छान." पुढचं वाचलंच नाही. मग पत्रक शनिवार पेठेतल्या छापखान्यात गेलं. तिथल्या चाचांकडे मंडळाची पत्रकं तीन पिढ्यांच्या यंत्रांवर छापली गेली होती. त्यांचं मराठी असं की आई अडलेला शब्द त्यांना विचारायची. चाचा संगणकावर मजकूर जुळवता जुळवता थांबले.

"बेटा, मग वारा खालून लागतो का त्याला?"

"ते सांगायचं नाही, चाचा."

"अगं, निषेध आहे ना?"

"तरी नाही सांगायचं."

चाचांनी घाईघाईने छपाई उरकली, दुकान बंद केलं आणि चाचींना घेऊन ते तीनच्या खेळाला गेले. त्यामुळे शेवटचं अर्धं पान त्यांनीही तपासलं नाही. कागद नेहमीप्रमाणे उरलासुरला होता, या वेळी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा गुलाबी.

पुढच्या शनिवारी आम्ही थिएटरबाहेर उभे राहिलो. मी पहिलं गुलाबी पत्रक दिलं ते दोन तरुणांना. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, बोलणं नागपूरकडचं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

"बाप्पा, जबरदस्त लिहिलं न हे!" एक म्हणाला. "चाल बे, हाच पाहू."

"आमचा विरोध आहे," मी म्हटलं.

"हो न, समजलं ते. पण पडते का तो खाली?"

दोघं तिकिटाच्या रांगेत गेले. मग एक कुटुंब गेलं. मग क्लास बुडवून आलेल्या चार मुली, ज्या दुसऱ्याच चित्रपटाला आल्या होत्या. बाबा अस्वस्थपणे म्हणाले, "आज गर्दी आहे." रांगेतल्या एका काकूंनी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, अशी माणसं पुण्यातच मिळतात, आणि परत येऊन मला विचारलं, "निषेध आहे का?"

"हो."

"मग इतकं चांगलं कशाला लिहिलंत? आणि हे काय? 'बोटात ड्रॅगन घालून आजवर कोणाचं भलं झालंय?' घालतात कसा तो बोटात?"

मी हातातला गठ्ठा पाठीमागे नेला. काकू तिकीट काढायला गेल्या. थोड्या वेळाने थिएटरचा दारवान आला. "ताई, अजून गठ्ठा आहे का? आमची पोस्टरं फाटलीत."

रविवारच्या बैठकीत गुलाबी पत्रक मधोमध ठेवलेलं होतं. सात जण, शिवाय छपाईचे चाचा, आणि दाराशी मी. आईने बोटात ड्रॅगन घालायचं वाक्य वाचून दाखवलं. चाचांना हसू आवरेना, ते खिडकीकडे वळले. आई हसली नाही. अंगठ्यांचं मूळ पत्रक तिनेच लिहिलं होतं.

"चित्रपट तुला आवडला?" तिने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर नाव राहिलं असतं. चूक झाली, घाई झाली, लहान आहे, असं म्हणून पुढचं पत्रकही मिळालं असतं. बाबांचा चेहरा मला तेच सुचवत होता.

"आवडला," मी म्हटलं. "खूप आवडला. तीनदा पाहिला."

"तीनदा?" बाबा म्हणाले.

"मग न पटलेलं का लिहिलंस?"

"माझं नाव छापून येणार होतं म्हणून."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आला की मला नियम आठवतात. मंडळात आणखी एक पद्धत होती. एखादं पत्रक कोणा सदस्याला पटलं नाही, तर पुढच्या छपाईत शेवटच्या पानावर आठ ओळींची चौकट त्याला मिळायची. तिला भिन्नमत म्हणायचे.

"मला भिन्नमत द्यायचंय," मी म्हटलं.

"कोणाशी?"

"या पत्रकाशी."

"ते तूच लिहिलंयस!"

"लेखकाने स्वतःशी भिन्नमत देऊ नये, असं नियमात कुठे आहे?" सर म्हणाले. "मी शोधलं. नाही."

मतदान घ्यायचं ठरलं. आईने विरोधात हात वर करायला घेतला आणि मी भिंतीकडे बोट दाखवलं. न पाहता निषेध नाही. तिने चित्रपट पाहिलेला नव्हता. आईने स्वतःच्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं, मग चप्पल घातली.

आम्ही सगळे गेलो. शेंगदाणे घेऊन. आई माझ्या शेजारी बसली होती, पाठ ताठ, पदर खोचलेला. वेणी हलली तेव्हा मी पडद्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. ड्रॅगन कड्यावरून पडायला लागला तेव्हा मात्र तिने माझं मनगट पकडलं ते सर उभे राहून "खालून!" म्हणेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली होती. मी ती शाळेत सगळ्यांना दाखवली.

थिएटरच्या पायऱ्यांवरच तिने निकाल दिला. "खेळण्यांचा निषेध कायम. भिन्नमत मंजूर, आठ ओळी, नववी नाही. आणि तुझं नाव यावर येणार नाही, पुढच्या दोन पत्रकांवरही नाही. चित्रपट आवडला म्हणून नव्हे. न पटलेलं लिहिलंस म्हणून."

मी हो म्हटलं. ते योग्य होतं, अजूनही वाटतं. तरी घरी येईपर्यंत दोन पत्रकं म्हणजे किती महिने ते मी मोजत होते.

मी त्या आठ ओळी चार दिवस लिहिल्या. शेवटच्या दोन अजून पाठ आहेत : "ज्याला वारा कोंडला गेल्याचा राग येतो, त्याला खरा वारा कुठे कोंडलाय हेही एक दिवस दिसेल. तोवर ड्रॅगनला उडू द्या." नवी छपाई लग्नपत्रिकेच्याच उरलेल्या कागदावर झाली. जुना उत्तरपक्ष गेला, खेळण्यांवरच्या दोन ओळी राहिल्या, खाली माझी बिननावाची चौकट. आणि त्याखाली, बारीक टायपात, सरांचं माझ्या भिन्नमताशी भिन्नमत : "पंखांचा विस्तार अपुरा. वाऱ्याचा जोर पाहता क्षम्य."

दारवानाने त्यातलं एक पत्रक तिकीट खिडकीच्या काचेला आतून, शेवटचं पान बाहेर दिसेल असं चिकटवलं. मी आणि आई गठ्ठा घेऊन शेजारी उभ्या होतो. एक बाई वाचत वाचत चौकटीपर्यंत आली, तिच्यातल्या शेवटच्या दोन ओळी तिने नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवल्या, मग खाली नाव शोधलं. नव्हतं.

"कोणी लिहिलंय कोण जाणे," ती म्हणाली. "काढा दोन."

मला तिथेच नाचावंसं वाटत होतं, टोपी उडालेल्या त्या म्हाताऱ्यासारखं. आईने माझ्या हातातला अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला.

"उड्या मारू नकोस," ती म्हणाली. "घड्या मोडतील."